पेरूझची यंदाची वाइन

प्रिय मागाली,

रविवारी फोनवर तू विचारलंस, आई, तुझा आवाज असा का येतोय, आणि मी म्हटलं, वारा सुटलाय, घसा कोरडा पडलाय. वारा सुटला होता हे खरं. आमचा सेर्स एकदा वाहायला लागला की खिडक्याच काय, माणसाचे दातही खिळखिळे करतो. पण घसा वाऱ्याने बसला नव्हता. मी दमले आहे. हे फोनवर सांगायची सोय नाही, कारण तू लगेच उपाय सुचवायला लागतेस. डॉक्टरकडे जा, गोळ्या घे, नाँतला येऊन चार दिवस राहा. तुझे उपाय चांगले असतात, पण ते ऐकायलाही अंगात थोडा जोर लागतो. म्हणून लिहायला बसले. शिवाय पत्राचं एक बरं असतं. राग आला तर खाली ठेवता येतं, राग निवला की पुन्हा उचलता येतं. फोन आपटला की आपटला. आणि राग तुला येणार आहे, कारण मला ज्याच्याविषयी सांगायचंय त्याचं नाव या घरात काढायचं नाही असं तू पंधराव्या वर्षी बजावलं होतंस. मी ते पाळलं. पाळायला जड गेलं नाही, मलाही ते नाव नकोच होतं.

तर, तुझा बाप परत आला आहे. माझ्याकडे आला असं म्हणता यायचं नाही. तो पेरूझला आला, आपल्या वरच्या दगडाळ मळ्यात.

ही फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी छाटणीला म्हणून मी वरच्या मळ्यात गेले, तर तिथे आधीच कोणीतरी वाकून काम करत होतं. मला वाटलं राऊलने सहकारी वायनरीतून कोणाला पाठवलं असेल. जवळ गेले तर गिलेम. डोक्यावर तीच चपटी टोपी, हातात कात्री, आणि दोन ओळी छाटून झालेल्या. नीट छाटलेल्या, बरं का. कारिन्याँ द्राक्षाची ती म्हातारी बुंधाडं, त्यांना प्रत्येक हातावर किती डोळे ठेवायचे, कुठली काडी मुळापासून काढायची, सगळं जिथल्या तिथे. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, ‘उशीर केलास, रेजिन. कॉफी आणलीस?’ या माणसाला समोर आला तर काय काय सुनवायचं ते मी एकवीस वर्षं घोकून ठेवलं होतं. भांडी घासताना घोकलं, ट्रॅक्टरवर बसून घोकलं. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. मी म्हटलं, ‘थर्मास गाडीत आहे.’ तो कॉफी प्यायला, पेला झटकला आणि म्हणाला, ‘तुझ्या बाबांना सांग, वरच्या बाजूची भिंत ढासळलीये. मी रविवारी येतो दगड लावायला.’ माझ्या बाबांना जाऊन किती वर्षं झाली ते तुला माहीत आहे. त्यांच्या पेटीला खांदा देणाऱ्यांत तो पहिला होता. तेव्हा मला कळलं.

थोड्या वेळाने रस्त्यावर पांढरी व्हॅन थांबली आणि टपाल कचेरीतली ती जोसियान उतरली, जिच्याकडे तो गेला होता. कोटाच्या आत गाऊन, पायात घरातल्या सपाता, केस तसेच. लेझिन्याँच्या बाजारात ती चीजच्या रांगेत दिसली की मी मासळीकडे वळायचे. त्या बाईपायी मी आयुष्यात इतके मासे खाल्लेत की विचारू नकोस. आता मात्र वळायला जागा नव्हती. ती मळ्याच्या कडेला उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. ‘माफ करा, मादाम,’ म्हणाली. ‘तो इथे असेल असं वाटलं.’ मी म्हटलं, ‘आहे. पण इतक्यात नेऊ नका. ओळ पुरी होऊ दे.’ यात मोठं मन वगैरे काही नव्हतं. अर्धी छाटलेली ओळ मला बघवत नाही, तुला ठाऊक आहे. पण ती बाई दगडी भिंतीवर बसली आणि रडायला लागली, जसं काही मी तिला फार काही दिलं होतं. मग बोलली. दोन वर्षं झाली होती म्हणे. नारबॉनच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं आजाराचं. तो उठतो आणि चालायला लागतो. आधी गावातच फिरायचा, आता त्याला दिशा सापडली होती. दोन गावं ओलांडून, डोंगरामागून, रस्ता न चुकता. आणि मग ती खाली बघत म्हणाली, ‘घरात तो मला रेजिन म्हणतो. मी जोसियान आहे म्हटलं की हसतो. म्हणतो, ती टपालवाली?’ मला वाटायचं असं काही ऐकायला मिळालं तर माझ्या जिवाला थंडावा मिळेल. नाही मिळाला. मला तिच्या सपातांकडे बघवेना, एवढंच झालं. चिखलाने भरल्या होत्या.

त्यानंतर तो येतच राहिला. आला की मी तिला फोन करायचे, ती न्यायला यायची. मग वसंतात ती म्हणाली, रस्त्यावर गाडीखाली येण्यापेक्षा मीच त्याला सकाळी आणून सोडते, चालेल? चाललं. माझे गुडघे आता तुझ्या आजीसारखे झालेत, वाकायला माणूस हवाच होता. तो काम करायचा, दुपारी अंगणात अंजिराखाली खुर्चीवर बसायचा, कधी मला आई म्हणायचा, कधी रेजिन, आणि संध्याकाळी जोसियान आली की मला हळूच विचारायचा, ‘ही बाई कोण? रोज का येते?’ गावाला काय, फुकटचा तमाशा. राऊल मला म्हणाला, ‘जुना कारिन्याँ पुन्हा फुटला म्हणे तुझ्याकडे.’ मी म्हटलं, ‘फुटलाय, पण फळ धरत नाही. तू तुझ्या टाक्या बघ.’ पावाच्या दुकानात मादाम फाब्र सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, ‘दोघी मिळून एक नवरा सांभाळताय, आम्हाला एकीला एक झेपत नाही.’ मी म्हटलं, ‘मग पाठवून दे तुझाही. तण काढायला माणूस कमी आहे.’ रांग हसली. घरी येऊन मात्र मी पाव टेबलावर ठेवला आणि कितीतरी वेळ कोट न काढता तशीच बसून राहिले.

तुला हे का सांगत नव्हते, असं तू विचारशील. प्रत्येक रविवारी सांगणार होते. पण तू माझ्या नातीच्या, झोएच्या दातांविषयी बोलायचीस, तुझ्या कामाविषयी बोलायचीस, आणि मला ती पंधरा वर्षांची मुलगी आठवायची. ऐन तोडणीत गेला तो. तेव्हा वाइन घरीच व्हायची; टाक्या भरलेल्या, रस खदखदतोय, सालांचा थर वर आलेला, आणि हा माणूस कपड्यांची एक बॅग घेऊन टपाल कचेरीतल्या बाईकडे. माणूस जातो तर निदान तोडणी संपवून तरी जातो. घरजावई होता, म्हणून गाव म्हणालं, दुसऱ्याच्या मळ्यात राबून कंटाळला असेल. तू शाळा बुडवून टाकीवर चढलीस. आधी मेणबत्ती खाली सोडून बघायची, ज्योत विझली तर खाली वायू साचलाय, उतरायचं नाही, हे त्यानेच तुला शिकवलेलं. तू मेणबत्ती धरून उभी होतीस, तुझे हात कोपरापर्यंत जांभळे, आणि तू मला म्हणालीस, ‘आई, यंदाची चांगली होणार आहे, बघ.’ आणि खरंच झाली. काळीभोर, घट्ट, जिभेवर रानातल्या थाइमचा वास ठेवून जाणारी. नारबॉनचे लोक घरी येऊन विचारायचे, कोणी केली? मी म्हणायचे, माझ्या मुलीने. ती मी प्यायले आहे, पण मला ती कधी गोड लागली नाही.

आता तशी वाइन होत नाही, कोणाचीच. माझे बाबा मळ्यात बाटली घेऊन जायचे, दिवसभर पाण्यासारखी प्यायचे आणि संध्याकाळी सायकलवरून सरळ घरी यायचे. आताची एक पेला घेतला की माणूस आडवा. ऊन द्राक्षात साखर भरतं आणि साखर वाइनला जड करते, मग ती जड तांबडी कोणाला नको. पोरं बिअर पितात, पाहुणे गुलाबी मागतात. गेल्या हिवाळ्यात अर्ध्या गावाने वेली उपटायला दिल्या. मीही खालचा सिरा द्राक्षाचा तुकडा दिला. यंत्र आलं, दुपारपर्यंत काम उरकलं, मुळांचा ढीग घालून गेलं. हे तुला मी सांगितलं होतं, फक्त मी त्या दिवशी घरातून बाहेर पडले नव्हते ते सांगितलं नव्हतं. पेरूझ तेवढी ठेवली. राऊल म्हणाला, ‘उलटं केलंस. तीच काढायला हवी होती. झाडं म्हातारी, माल मूठभर.’ मी म्हटलं, ‘माझंही तेच आहे. मलाही उपटून काढा.’

ऑगस्टमधली आग तू बातम्यांत पाहिलीस आणि फोन केलास, आणि मी तुला सांगितलं की आमच्या गावाला काही झालं नाही, मी ठीक आहे. दोन्ही खरं होतं. आता उरलेलं सांगते. दुपारची वेळ, बाहेर भट्टी पेटल्यासारखं ऊन, वारा कालपासून थांबला नव्हता. मी आत कपाळावर ओलं फडकं ठेवून पडले होते. जोसियान त्याला न्यायला आली, आणि अंगणातून तिने विचारलं, ‘तो आत आहे का?’ आत नव्हता. अंजिराखालची खुर्ची रिकामी होती, टोपीही नव्हती. आम्ही दोघी फाटकाबाहेर आलो तर डोंगरामागे धूर. आधी पांढरा होता, बघता बघता तपकिरी झाला. भोंगा वाजायला लागला. आम्ही तिच्या व्हॅनमध्ये बसलो. चौकात पोलिसांनी अडवलं. त्यातला एक तिला ओळखत होता. म्हणाला, ‘जोसियान, तुमचं गाव रिकामं करतायत. आत्ता गेलात तर कागदपत्रं, दागिने, जे काय असेल ते काढता येईल. नंतर रस्ता बंद.’ ती म्हणाली, ‘घरात कोणी नाही. तो बाहेर आहे.’ आणि गाडी मागे घेऊन तिने बैलवाटेला घातली, जी माझ्या मळ्याकडे जाते.

वळणावर आम्हाला थांबावं लागलं. आग पाइनच्या रानातून उतरली आणि माझ्या सिराच्या रिकाम्या तुकड्यात शिरली. तिथे वेली होत्या तेव्हा खालची माती नांगरलेली असायची, आता छातीइतके वाळलेले काटे उभे होते. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, कशी पळाली ती. जोसियान पुढे घालायला निघाली होती, मी तिच्या हातावर हात मारला. ‘थांब, वेडी आहेस का तू?’ तोवर आम्ही एकमेकींना तुम्ही म्हणत होतो. तिथे तुम्ही संपलं. काचा चढवून बसलो. ती देवाचं नाव घेत होती की त्याला शिव्या देत होती, कळत नव्हतं. आग पुढे सरकली तेव्हा गाडी तिथेच ठेवून चालत गेलो. जमीन इतकी तापली होती की माझ्या चपलांचे तळ चिकटत होते.

पेरूझ उभी होती. कडेच्या ओळींची पानं करपून चुरगळली होती, पण आत हिरवं. खाली जाळायला नुसते दगड आणि माती, आग दोन्ही अंगांनी वळून गेली होती. आणि तो मधोमध बसला होता, दगडावर, डोक्यावर कोट ओढून. तोंड काजळीने काळं. हातात घड. आम्हाला बघून त्याने एक मणी थुंकला आणि म्हणाला, ‘अजून कच्ची आहेत. आठवडाभर थांबू.’ जोसियानने त्याच्या थोबाडीत दिली. चांगली सणसणीत. मग ती त्याच्या शेजारी दगडांत बसली आणि बाहीने त्याचे कान पुसायला लागली. तो मुकाट पुसून घेत होता. मी तिथे थांबले नाही. मी ओळीओळीने वेली बघत फिरले, कुठली जगेल, कुठली नाही. तो माझा नवरा नव्हता, वेली माझ्या होत्या, असं मी स्वतःला सांगत होते. शेवटच्या ओळीपाशी मी मातीतच बसले.

तिचं घर त्याच दुपारी गेलं. गावाच्या टोकाला होतं, रानाला लागून. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी गावात सोडलं तेव्हा मी तिच्याबरोबर गेले. चार भिंती आणि स्वयंपाकाची शेगडी, बाकी राख. तिच्या आईचे फोटो, त्याचे कपडे, सगळं. ती दारातून, म्हणजे दार होतं तिथून, बघत राहिली आणि म्हणाली, ‘पडदे नवे होते.’ एवढंच म्हणाली. पोलिसाने सांगितलं होतं तेव्हा ती गेली असती तर निदान फोटो तरी वाचले असते. ती माझ्या मळ्याकडे आली. या गोष्टीवर आमच्यात एक शब्दही झालेला नाही, पण मी सकाळी चूल पेटवते तेव्हा रोज ती माझ्या डोक्यात असते.

ती त्याला घेऊन नारबॉनला भाचीकडे गेली. चौथ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. तो दिवसभर दाराची मूठ हलवायचा. शेजारी तक्रार करायला लागले, त्यांचंही काय चुकलं? एकदा दार उघडं राहिलं आणि तो मोठ्या रस्त्याच्या कडेने चालताना सापडला. तोंड आमच्या दिशेला. मग आम्ही तिघं कार्कासॉनजवळची, अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था बघायला गेलो. चांगली होती, स्वच्छ, माणसं मायाळू. दाराला आकडे दाबायचं कुलूप. त्याने तिथल्या मुलीला विचारलं, ‘इथे तोडणी कधी सुरू करता?’ ती मुलगी गोड हसून म्हणाली, ‘पुढच्या आठवड्यात, आजोबा.’ खिडकीतून गाड्या ठेवायची जागा दिसत होती. जोसियानने माझ्याकडे बघितलं. आम्ही कागद तिथेच टेबलावर ठेवले आणि त्याला घेऊन गाडीत बसलो. परतताना तो शिट्टी वाजवत होता.

मग तोडणी आली. राऊल स्वतः पेरूझला आला, दोन-चार मणी चावले, थुंकले, आणि टोपी काढून हातात धरली. ‘रेजिन, मला नाही घेता येणार. धूर सालात उतरलाय. टाकी सगळ्यांची आहे, तुझ्या एका मळ्यापायी सगळ्यांची नासेल.’ त्याचं बरोबर होतं. मी असते तर मीही नसती घेतली. पण घड वेलीवर सुकू द्यायचे, हे मला जमेना. म्हणून मी जुन्या गोठ्यातली लाकडी पिंपं धुतली, आणि आम्ही तिघांनी तोडणी केली. जोसियानने जन्मात घड कापलेला नव्हता. ती टपालाचे शिक्के मारायची. पहिल्याच सकाळी तिने दोन बोटं कापून घेतली, पाठ धरली, गांधीलमाशी चावली. उन्हात उभी राहून म्हणाली, ‘इतकी वर्षं हा माणूस मला सांगायचा, तोडणी म्हणजे सण असतो सण. खोटारडा.’ तो ओळीच्या टोकाकडून ओरडला, ‘त्या बाईला सांगा, बोलायचे पैसे मिळत नाहीत.’ आणि मागाली, मी हसले. पोट दुखेपर्यंत हसले. ती आधी चिडली, मग तीही. इतक्या वर्षांत त्या मळ्यात मी हसल्याचं मला आठवत नाही.

वाइन वाईट झाली. तुला वाटत असेल की मी आता सांगेन, धुरातूनही काहीतरी चांगलं निघालं. नाही. रंग सुरेख आहे, काळा-जांभळा, आणि वासही पहिल्यांदा फसवतो, पिकलेल्या काळ्या चेरीचा. मग गिळली की घशात राख. सिगारेटचा ॲशट्रे चाटल्यासारखं. मी पिंपातून काढून तिघांना पेले भरले. तुझ्या बापाने जुन्या सवयीने पेला फिरवला, उजेडात धरला, घोट तोंडात घोळवला आणि जमिनीवर थुंकला. ‘कोणी केली ही? ओतून द्या. लोक नावं ठेवतील.’ त्याचं बाकी सगळं गेलंय, जीभ राहिलीये. आम्ही अजून ओतलेली नाही. ओतायला पिंप उचलावं लागतं, आणि आम्हा दोघींच्यात तेवढा जोर नाही.

लोक मला विचारतात, क्षमा केलीस का. पाद्रीबाबांनीही विचारलं, फार आशेने. मी म्हटलं, नाही. क्षमा करायची तर ज्याने केलं तो समोर हवा. त्याला मी सोडणार नव्हते, सगळं घोकून ठेवलं होतं. पण तो आलाच नाही. हा जो आलाय तो दुसरा कोणी आहे. कॉफी मागतो, भिंतीचे दगड लावतो, आणि अंघोळीला नको म्हणतो. याच्यावर रागवायला गेले तर हात रिकामेच परत येतात. प्रेम म्हणशील तर तेही नाही. काम आहे. सकाळी त्याला उठवायचं, दाढी करायची, बटणं लावायची, चुलीपासून लांब ठेवायचं, वीस वेळा तेच उत्तर द्यायचं. मी करते, ती करते, आणि संध्याकाळी आम्ही दोघी सूप घेऊन समोरासमोर बसतो, एकमेकींचे पांढरे केस बघत. ती मीठ जास्त टाकते. मी अजून बोलले नाही.

आता हे का लिहिलं ते. तू टूसँच्या, सगळ्या संतांच्या सणाच्या सुट्टीत झोएला घेऊन येणार आहेस, आणि तुझी पद्धत मला माहीत आहे. फाटकातून आलीस की कोणाशी न बोलता सरळ जिना चढून तुझ्या खोलीत बॅग टाकतेस. मागाली, त्या खोलीत आता जोसियान राहते. महिना झाला. तुझा बाप खाली शिवणकामाच्या खोलीत. मी परवानगी मागत नाही, घर माझं आहे, आणि तिला दुसरं नाही. तुला झोएबरोबर माझ्या खोलीत झोपावं लागेल, किंवा यायचंच नसेल तर नको येऊस. मी रागावणार नाही, मला रागवायची ताकदही उरलेली नाही. पण यायचं ठरवलंस तर एक गोष्ट आधी माहीत असू दे, फाटकाशी पोचल्यावर कळायला नको. तो तुला ओळखणार नाही. आठवतं ते एवढंच, की त्याला एक मुलगी आहे आणि ती शाळेत गेली आहे. रोज शाळेची बस यायच्या वेळी तो टोपी घालतो आणि फाटकाशी जाऊन उभा राहतो. बस येते, दुसऱ्यांची मुलं उतरतात, बस जाते. मी त्याला सांगून बघितलं, मागाली मोठी झाली, नाँतला असते, तिला स्वतःची मुलगी आहे. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, ‘नाँत फार लांब. मग तिला आज उशीर होईल.’ आणि उभाच राहिला.

तुझीच, हे सगळं तुझ्या पदरात टाकून जरा पाठ टेकणारी,
आई